अंकुराची वाढ आणि घरचा कॅमेरा

घड्याळाचा तासकाटा फिरताना कोणी पाहिला आहे काय? थोड्या वेळाने पाहिले तर तो पुढे सरकलेला दिसतो. सरकत असलेला मात्र दिसत नाही. बीजातून अंकुर फुटणे, वेलीने काठीला विळखा घालणे, भिंतीवरचा उन्हाचा कवडसा सरकत जाणे या सर्व गोष्टी याच जातीच्या आहेत. त्या आपल्या डोळ्यांसमोर घडतात, पण त्यांची गती आपल्या दृष्टीच्या आवाक्याबाहेर, म्हणजे फार मंद असते. अशा घटना ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपावयाच्या आणि ती चित्रे नंतर भराभर एकामागून एक दाखवावयाची, या पद्धतीला कालसंक्षेप-चित्रण म्हणता येईल. आज ती सर्वत्र टाईमलॅप्स या नावाने ओळखली जाते.

तिच्या मुळाशी असलेले तत्त्व चित्रपटाइतकेच जुने आहे. सेकंदास १६ किंवा त्याहून अधिक स्थिर चित्रे डोळ्यांपुढून गेली की आपणांस अखंड हालचालीचा भास होतो. चित्रे ज्या वेगाने घेतली त्याच वेगाने दाखविली तर काळ जसाच्या तसा राहतो. घेण्याचा वेग कमी आणि दाखविण्याचा वेग जास्त असला, की काळ आक्रसतो. जर्मनीतील लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या युक्तीने वनस्पतींच्या हालचाली चित्रित केल्या. १९०१ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टार थिएटर ही इमारत पाडली जात असताना दर ४ मिनिटांस एक याप्रमाणे दिवसाचे ८ तास चित्रे घेण्यात आली. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी उमलत्या फुलांचा चित्रपट केला. मात्र मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण आहे ते मुंबईतील दादरच्या एका घरातील, आणि त्याचे पात्र आहे वाटाण्याचे एक रोप.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, १९१२ च्या एप्रिलमध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांचे वय ४२ च्या घरात होते. छपाईचा चालता व्यवसाय त्यांनी सोडला होता. चित्रपट पाहण्याचा व अभ्यासण्याचा त्यांनी इतका ध्यास घेतला होता, की डोळ्यांवर ताण पडून काही काळ दिसेनासे झाले होते. विलायतेच्या प्रवासासाठी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. तेथून आणलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा हाती होता; भांडवल नव्हते. ज्या देशात तोपर्यंत कोणी कथाचित्रपट काढून प्रदर्शित केला नव्हता, तेथे सावकाराने पैसे द्यावेत तरी कशाच्या भरवशावर? फाळके यांनी त्याला एक पुरावा दाखविण्याचे ठरविले. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा सुमारे मिनिटभराचा चित्रपट होता. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखी माणसे कर्ज देण्यास तयार झाली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके फितीला कडेने छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सहभागी होत्या, हेही येथे नोंदविले पाहिजे.

ही कथा सांगताना फाळके ‘रोज एक चित्र’ घेत असत, असे बहुधा सांगितले जाते. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा करून पाहावा, कारण कालसंक्षेप-चित्रणाचा पहिला धडा त्यातच आहे. मूकपटाच्या काळात सेकंदास साधारण १६ चौकटी, असा वेग धरला जाई. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे सेकंदास एक फूट फीत, आणि मिनिटाच्या चित्रपटास ६० फूट, अर्थात ९६० चौकटी. रोज एकच चित्र घेतले असते तर महिन्याभरात ३० चौकटी झाल्या असत्या आणि त्यांचा खेळ पुरती दोन सेकंदेही चालला नसता. ‘रोज एक’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

९६० चौकटी ३० दिवसांत वाटल्या तर दिवसाला ३२ येतात. त्या काळच्या हातकॅमेऱ्यांचा दांडा एकदा फिरविला की सामान्यतः ८ चौकटी पुढे सरकत. तेव्हा रोज ठरल्या वेळी दांड्याचे चार फेरे दिले तरी ३२ चौकटी पुऱ्या होतात. पण असे केल्यास पडद्यावर रोप दोन सेकंद निश्चल उभे राहील, मग एकदम उंच झालेले दिसेल, पुन्हा दोन सेकंद निश्चल राहील. याउलट दिवसाच्या उजेडाच्या १० तासांत त्याच ३२ चौकटी एकेक करून घेतल्या, तर दर १९ मिनिटांस एक चित्र पडेल आणि रोप खरोखर ‘वाढताना’ दिसेल. दोन्ही रीतींत फीत तितकीच खर्च होते. फरक पडतो तो चित्रणकर्त्याच्या श्रमात. दर १९ मिनिटांनी उठून कॅमेऱ्याजवळ जाणारे एखादे माणूस घरात असावे लागते. आज हे काम यंत्र करते, एवढीच काय ती सोय वाढली आहे. अंतर किती ठेवावयाचे हा निर्णय अजूनही माणसालाच घ्यावा लागतो.

आता हाच प्रयोग आजच्या एखाद्या साध्या घरात कसा करता येईल ते पाहू. उदाहरणादाखल दक्षिण दिल्लीतील मुनिरका येथील भाड्याची एक खोली घेऊ. मुनिरका हे मूळचे टोकस कुळातील जाटांचे गाव. शेतजमिनी सरकारने संपादन केल्या, त्यांवर रामकृष्णपुरम, वसंत विहार, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले, आणि मधोमध जुनी वस्ती तेवढी राहिली. गावाला आडवे पसरण्यास जागा उरली नाही, तेव्हा ते उभे वाढले. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांस खेटून, मजल्यावर मजला. भाडेकरूंत विद्यार्थी आणि परप्रांतांतून नोकरीसाठी आलेली माणसे पुष्कळ. अशा खोलीत उजेड अपुरा, जागा तोकडी आणि जमीन शेजारच्या जिन्याच्या ये-जेने हादरणारी असते. या तिन्ही अडचणींवर उपाय सापडला, तर प्रयोग कोठेही जमेल.

बीज म्हणून वाटाणाच घ्यावा. दिल्लीत मटर-कुलच्यासाठी जो अख्खा वाळलेला पांढरा वाटाणा वाण्याकडे मिळतो तो चालतो. डाळ मात्र रुजत नाही. वाटाणा थंडीचे पीक आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो आनंदाने वाढतो. मे-जूनच्या उन्हाळ्यात त्याऐवजी मूग घ्यावेत. दाणे रात्रभर भिजवून काचेच्या पेल्यात, काच आणि आतून लावलेला टिपकागद यांच्यामध्ये ठेवले, म्हणजे मूळ खाली आणि कोंब वर जाताना दोन्ही दिसतात. रोप मोठे करावयाचे असेल तर चहाचा मातीचा कुल्हड घेऊन त्याच्या तळाला भोक पाडावे. या भोकातून समईच्या वातीसारखी कापसाची जाड वात मातीत शिरवून तिचे दुसरे टोक खालच्या पाण्याच्या वाटीत सोडावे. वरून पाणी घातले की माती खचते, रोप हलते आणि पडद्यावर ते दचकल्यासारखे दिसते. वातीने पाणी गुपचूप वर चढते.

कॅमेऱ्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. घरात पडून असलेला जुना मोबाईल फोन पुरेसा आहे. त्यातील तयार टाईमलॅप्सची सोय तासा-दोन तासांच्या विषयांना ठीक. परंतु काही फोनांत चित्रण लांबत गेले की चित्रांमधील अंतर फोन आपणहून वाढवितो, आणि आपला हिशेब बिघडतो. म्हणून ठरावीक अंतराने स्थिर चित्रे घेणारे एखादे विनामूल्य ॲप वापरावे. फोन विमान-स्थितीत ठेवावा. सहाव्या दिवशी आलेल्या एका दूरध्वनीने पाच दिवसांचे काम मोडू शकते. तो सतत विजेला जोडलेला राहणार, तेव्हा त्याच्या पाठीमागे वारा खेळता ठेवावा, आवरण काढून टाकावे. टेबलापेक्षा भिंतीत ठोकलेली फळी बरी, आणि फोनला तिवईपेक्षा वाळूने भरलेला स्टीलचा डबा बरा. फोन डब्याला रुंद रबराने आवळून बसविला, की जिन्यावरून कोणी धावत गेले तरी चित्र हलत नाही. रोपाचे भांडेही त्याच फळीवर हवे, म्हणजे हादरलेच तर दोघे मिळून हादरतील.

चौकट आखताना नवशिक्याचा हात आजच्या रोपाभोवती जातो. ती आखावयाची असते आठव्या दिवसाच्या रोपासाठी. अंकुर तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवून वरची जागा मोकळी सोडावी. मागे काळा कागद आणि बाजूस सेंटिमीटरच्या खुणा केलेली पांढरी पट्टी लावावी. ही पट्टी नसेल तर आपला चित्रपट गंमत म्हणून पाहता येईल. असेल तर त्यावरून रोप कोणत्या तासाला किती मिलिमीटर वाढले हे मोजता येईल.

सर्वांत मोठी अडचण प्रकाशाची. खिडकीच्या उजेडात चित्रण केले तर ढग आला की चित्र काळवंडते, गेला की उजळते, आणि रात्री काहीच उमटत नाही. सेकंदाला २५ चित्रे दाखविली म्हणजे हे चढउतार असह्य लुकलुकीच्या रूपाने डोळ्यांना टोचतात. म्हणून मोठ्या खोक्यात रोप बंद करून आत एल. ई. डी. चा लहान दिवा सतत तेवता ठेवणे उत्तम. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने अनेक स्वस्त दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतात. प्रकाशावधी १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवल्यास प्रत्येक चित्रात पूर्ण आवर्तने येतात आणि चित्रे सारखी उजळतात. पॉवर बँकेवर चालणारा पाच व्होल्टचा दिवा वापरल्यास ही कटकट बहुधा टळते आणि वीज गेली तरी काम चालू राहते. दुसरी गोष्ट वनस्पतीच्या स्वभावाची: रोप उजेडाकडे झुकते. दिवा एका बाजूला असेल तर तिसऱ्या दिवशी रोप चौकटीच्या कडेला गेलेले दिसेल. रोप सरळ वाढावे अशी इच्छा असल्यास दिवा डोक्यावर हवा. झुकणेच पाहावयाचे असेल तर दिवा मुद्दाम बाजूला ठेवावा. तो स्वतंत्र आणि फार सुंदर प्रयोग आहे.

फोनला आपणहून काही ठरवू देऊ नये. संवेदनक्षमता, प्रकाशावधी, रंगतोल आणि भिंगाचे केंद्रण या चारही गोष्टी आरंभीच पक्क्या कराव्यात. अंकुर पुढे सरकेल हे धरून केंद्रण दाण्यावर न करता, कोंब जेथे येण्याचा संभव आहे तेथे एक काडी उभी करून तिच्यावर करावे आणि मग काडी काढून घ्यावी.

आता अंतराचा हिशेब. आठ दिवसांचे १९२ तास होतात. दर २० मिनिटांस एक चित्र घेतले तर दिवसाची ७२ आणि आठ दिवसांची ५७६ चित्रे. सेकंदास २५ या वेगाने ती २३ सेकंदे चालतील. उंचीची वाढ पाहण्यास हे पुरे आहे. परंतु वाटाण्याचे शेंडे आणि तणावे नुसते वाढत नाहीत, ते हवेत गोल फिरत आधार शोधतात. वनस्पतींच्या या फिरण्याचा चार्ल्स डार्विन यांनी बारकाईने अभ्यास करून १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वाटाण्यात अशा एका फेऱ्यास साधारण दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. दर २० मिनिटांचे चित्र म्हणजे एका फेऱ्यात चार-पाच ठिपके. शेंडा फिरताना न दिसता इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. अंतर ५ मिनिटांवर आणले की एका फेऱ्यात १८ चित्रे पडतात आणि गोल गती स्पष्ट होते. अर्थात आता आठ दिवसांची २,३०४ चित्रे आणि दीड मिनिटाचा चित्रपट होईल. घटना एकूण किती वेळ चालते याइतकेच, तिच्यातील सर्वांत जलद हालचाल कोणती, हे पाहून अंतर ठरवावे लागते. ‘रोज एक चित्र’ या पद्धतीने तणाव्याचे फिरणे कधीच सापडले नसते.

येथे एक तुलना सुचते. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बनविलेल्या क्रेस्कोग्राफ या यंत्राचा हेतू हाच होता, मार्ग मात्र उलटा. त्यांनी काळाला हात न लावता तरफांच्या साहाय्याने रोपाची हालचालच दहा हजार पटींपर्यंत मोठी केली. वाढ क्षणोक्षणी काचेवर उमटू लागली. काळ आक्रसणे किंवा अंतर फुगविणे, मंद गोष्ट दिसण्याजोगी करण्याचे हे दोनच रस्ते आहेत. त्यांपैकी घरात परवडणारा पहिला.

वाटाणा रुजेपर्यंत धीर नसेल तर गच्चीकडे वळावे. मुनिरक्याच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्यांच्या आणि तारांच्या पलीकडे आकाश बरेच असते. जुलै ते सप्टेंबर हे ढगांचे दिवस. दर ५ सेकंदांस एक चित्र धरले तर तासाभरात ७२० चित्रे, म्हणजे जवळजवळ २९ सेकंदांचा चित्रपट मिळतो. मे महिन्यात आंधी येते तेव्हा सारा देखावा काही मिनिटांत पालटतो. त्या वेळी अंतर २ सेकंदांवर आणावे आणि कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवावा, कारण धूळ भिंगाला क्षमा करीत नाही. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचे धुके फार मोहक. पण थंडीतून कॅमेरा उबदार खोलीत आणला की भिंगावर दव धरते, म्हणून तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मग आत आणावा. सूर्यावर भिंग रोखून तासन् तास ठेवू नये.

अरुंद गल्लीतील घरास ऊन थोडाच वेळ मिळते. तेही वाया घालवू नये. फटीतून आत आलेला कवडसा तीन मीटर दूरच्या भिंतीवर पडत असेल तर तो मिनिटास सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, कारण सूर्य आकाशात तासाला १५ अंश चालतो. दर १० सेकंदांस एक चित्र घेऊन याचा जो चित्रपट होतो तो पृथ्वीच्या परिवलनाचा चित्रपट आहे, हे मुलांना सांगितल्यावाचून राहू नये. ज्याच्यापाशी वर्षभराची चिकाटी असेल त्याने गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून दर आठवड्यास सूर्योदयाच्या जागेचे चित्र घ्यावे. दिल्लीच्या अक्षांशावर जून आणि डिसेंबर यांच्यामध्ये ही जागा सुमारे ५४ अंश सरकते. उन्हाळ्यात पूर्वेच्या २७ अंश उत्तरेस, हिवाळ्यात तितकीच दक्षिणेस.

आणि ‘रोज एक चित्र’ ही रीत जेथे खरोखर शोभते असा विषयही येथे दारातच आहे: समोरच्या घरावर चढणारा नवा मजला. बांधकाम मंद असते, त्यात तणाव्याची फिरकी नसते. रोज एकाच वेळी, एकाच खिळ्याला टेकवून घेतलेली २०० चित्रे ८ सेकंदांत मजला उभा करतात. वेळ तीच ठेवावयाची ती सावल्यांसाठी. नाहीतर इमारतीपेक्षा सावल्याच जास्त नाचतात. मात्र खेटून असलेल्या वस्तीत कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याची खिडकी, दुसऱ्याची गच्ची, वाळत घातलेले कपडे येतातच. शेजाऱ्यास विचारल्यावाचून आठ-आठ दिवस त्याच्या दारावर डोळा लावून ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याची संमती घ्यावी, किंवा कठड्याच्या वर फक्त आकाश येईल अशी चौकट धरावी.

चित्रे जुळविण्याचे काम संगणकावरील विनामूल्य प्रणालींनी होते आणि त्यात विशेष काही नाही. चित्रांची नावे क्रमाने आहेत ना, एवढे पाहावे. अनेक कॅमेरे ९९९९ नंतर पुन्हा १ पासून मोजू लागतात आणि मग रोप मध्येच लहान होते. एखादे चित्र काळे पडले किंवा गळले तर ती जागा शेजारच्या चित्राची नक्कल घालून भरण्याचा मोह होतो. करमणुकीसाठी त्यास हरकत नाही. वाढीचे मोजमाप करावयाचे असेल तर जागा रिकामी ठेवून वहीत तशी नोंद करावी. याच वहीत पहिल्या चित्राची तारीख व वेळ, चित्रांमधील अंतर, खोलीचे सकाळ-संध्याकाळचे तपमान आणि वाटीत पाणी केव्हा भरले ते लिहून ठेवावे. चित्रपटाच्या आरंभी ‘दर ५ मिनिटांस एक चित्र’ असे अक्षरांत दाखवावे, म्हणजे पाहणाऱ्यास काळ किती पटींनी आक्रसला आहे ते कळते. सेकंदास २५ चित्रांच्या वेगाने ती पट ७,५०० भरते. वेग पसंत पडला नाही तर तो नंतर बदलता येतो. तेच २,३०४ फोटो सेकंदास १२ या वेगाने लावले तर दीड मिनिटाचा चित्रपट तीन मिनिटांवर जाईल आणि तणाव्याने काठीला पहिला स्पर्श केल्याचा क्षण नीट पाहता येईल. मूळ चित्रे त्यासाठी जपून ठेवावीत.